विश्वासावरचा खंड

अमेरिकेतील शहरांत सुट्टीचा हंगाम आला की कुटुंबे प्रवासाला निघतात आणि कुत्रा मागे राहतो. अशा वेळी मालकाच्या घरी मुक्कामास येऊन कुत्र्याची देखभाल करणे हा तेथे आता रीतसर व्यवसाय झाला आहे. निवृत्त शिक्षिका, विद्यार्थी, एका नोकरीत भागत नाही म्हणून दुसरे काम धरणारे कर्मचारी, अशी नाना थरांतील माणसे तो करतात. श्रीमंतांच्या कुत्र्यांच्या लाडाशी श्रमिकांच्या चळवळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. श्रमातून निर्माण झालेल्या विश्वासावर मालकी कोणाची, हा प्रश्न या लहानशा व्यवसायात फार स्वच्छपणे समोर येतो.

या धंद्याचा खरा आधार पुन्हा पुन्हा येणारे गिऱ्हाईक हा होय. पहिल्या मुक्कामात कुत्रा दाराशी बसून राहतो, अन्नाला तोंड लावीत नाही. दुसऱ्या खेपेस तो सांभाळणारीला वासावरून ओळखतो. तिसऱ्या खेपेपर्यंत तिला सारे ठाऊक झालेले असते: गोळी चीजमध्ये दडवून द्यावी लागते, ४ जुलैच्या आतषबाजीला तो पलंगाखाली लपतो, दुसरा कुत्रा दिसताच साखळी ओढतो. मालक घराची किल्ली तिच्या हाती निःशंकपणे देतो. हे ज्ञान आणि ही पत तिने रात्री जागून, पावसात कुत्रा फिरवून मिळविलेली असते. अर्थशास्त्राच्या भाषेत हे तिचे भांडवल आहे.

आता या भांडवलाचे उत्पन्न कोठे जाते ते पाहावे. २०११ मध्ये सिएटल येथे सुरू झालेली रोव्हर ही कंपनी मालक आणि सांभाळणारे यांची इंटरनेटवर गाठ घालून देते. सांभाळणाऱ्याच्या मोबदल्यातून ती साधारणतः २० टक्के कापून घेते. मालकाकडून घेतले जाणारे शुल्क वेगळेच. ही कपात पहिल्या कामापुरती नाही. तेच गिऱ्हाईक दहाव्यांदा आले तरी ती होते, आणि कंपनीमार्फत ओळख झालेल्या गिऱ्हाइकाशी परस्पर व्यवहार करण्यास कंपनीच्या अटी मनाई करतात. ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक संस्थेने ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार २०२३ मध्ये केला आणि २०२४ मध्ये तो पुरा झाला. एवढी किंमत मोजणाऱ्याने संगणकाच्या आज्ञावलीपेक्षा हजारो घरांतून जमलेल्या या विश्वासावरील वसुलीचा हक्कच अधिक करून विकत घेतला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हिशेब साधा आहे. एका घराचे वर्षाकाठी ४० रात्रींचे काम आणि रात्रीचा दर ५० डॉलर धरला, तर कमाई २,००० डॉलर होते. त्यातून ४०० डॉलर कंपनीस जातात. पाच वर्षांत या एका घरापोटी २,००० डॉलर, म्हणजे पुऱ्या एका वर्षाची कमाई, मध्यस्थाच्या हाती पडते. आणि ओळख करून देण्याचे काम त्याने केलेले असते एकदाच.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. अनोळखी माणसांची गाठ घालून देणे, पैशाची देवघेव सुरक्षित ठेवणे, कुत्र्यास इजा झाल्यास मर्यादित साहाय्य करणे, या सेवांना मूल्य आहे आणि पहिल्या कामावरील दलाली रास्त आहे. परंतु विश्वास जसजसा वाढतो तसतशी मध्यस्थाची गरज घटते; मग त्याचा वाटा का घटू नये? हे अशक्य नाही. अपवर्क या स्वतंत्र कामे मिळवून देणाऱ्या कंपनीने २०१६ ते २०२३ या काळात असाच उतरता दर ठेवला होता. एका गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के, आणि त्यापलीकडे ५ टक्के. २०२३ मध्ये तो मोडून तिने सरसकट १० टक्के दर लावला. मालकाच्या मर्जीने आलेली सवलत मालकाच्या मर्जीने जाते, हा त्यातला धडा.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. जमीन कसायची कुळाने, सुपीक करायची कुळाने, आणि शहरात बसलेल्या मालकाने दरसाल खंड घ्यायचा, ही रीत आपण पाहिली आहे. १९४८ चा मुंबई कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकात आणला. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, तरी तत्त्व ठरून गेले. विश्वासाच्या या नव्या जमिनीला मात्र अद्याप कुळकायदा नाही.

उलट कायदा येथे दुटप्पी बोलू देतो. कॅलिफोर्नियात २०२० पासून अमलात आलेल्या कायद्याने कामगाराला स्वतंत्र कंत्राटदार ठरविण्याच्या कसोट्या कडक केल्या. पण मध्यस्थ संस्थांना दिलेल्या सवलतीत कुत्रे फिरविण्याचे काम नावानिशी घातले. २०२१ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने एका दाव्यात रोव्हरवर काम करणारी व्यक्ती नोकर नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक होय, असा निर्णय दिला. ती स्वतंत्र व्यावसायिक असेल, तर तिने जोडलेले गिऱ्हाईक तिचे आहे. गिऱ्हाईक कंपनीचे असेल, तर ती कंपनीची नोकर आहे आणि रजा, विमा, किमान वेतन यांवर तिचा हक्क आहे. दोन्हींपैकी सोयीचे तेवढे घ्यायचे, हा न्याय नव्हे.

हा प्रश्न साता समुद्रापलीकडचा राहिलेला नाही. मुंबई-पुण्यात घरकाम, सौंदर्यसेवा, वाहनसेवा यांवर अशाच कंपन्या उभ्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद केली. ते स्वागतार्ह आहे, पण गिऱ्हाईक कोणाचे, हा प्रश्न तिने हाती घेतलेला नाही. तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. परतून येणाऱ्या गिऱ्हाइकावरील दलाली ठराविक कामांनंतर उतरत जाऊन संपावी. कामगाराने मिळविलेले अभिप्राय आणि कामाची नोंद त्याला दुसरीकडे नेता यावी. आणि मध्यस्थी कामगारांच्याच सहकारी संस्थांनी करावी. न्यूयॉर्कच्या वाहनचालकांनी २०२१ मध्ये अशी संस्था सुरू करून दाखविली आहे. १९६९ च्या कायद्याने माथाडींसाठी मंडळ उभारून विखुरलेल्या कामगारालाही संरक्षण देता येते, हे दाखवून देणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये.

दारात पाऊल पडताच शेपूट हलवीत धावणारा कुत्रा कंपनीला ओळखत नाही. तो ओळखतो ते त्याला सांभाळणाऱ्या माणसाला. कायद्यानेही त्याच माणसाला ओळखावे, एवढीच अपेक्षा आहे.