काळी जाते तशी पांढरीही जाते



काल ठिबकच्या फिटिंगसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो होतो. चहाच्या टपरीवर अक्कलकोटकडचे दोघं भेटले. विषय एकच, सुरत-चेन्नई महामार्ग. रेट, विहीर, पाईपलाईन, झाडं. जाता जाता एक जण हळूच म्हणाला, "आमच्या रानात जुनी खापरं लई निघत्यात. पण बोलायचं न्हाई. काम अडकलं तर पैसंबी अडकत्याल."

त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण हीच भीती आपला इतिहास गाडतेय.

आपले आजे-पणजे म्हणायचे, काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे गाव. जिथं पिढ्यान्पिढ्या वस्ती होती तिथली माती राखट, भुसभुशीत. चुलीची राख, शेण, हाडं जिरून स्फुरद वाढलेला. जुन्या वस्तीचा माग काढायला संशोधकही मातीतला स्फुरद तपासतात. म्हणजे शेजारच्या रानापेक्षा एका पट्ट्यात स्फुरद एकदम जास्त आला आणि खापरंही निघाली, तर तो फक्त खताचा विषय नाही.

आपला भाग काय साधा नाही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. बोरामणीच्या माळावर जमिनीलगत दगड मांडून केलेला गोल चक्रव्यूह आहे. त्याची बातमी 2025 च्या अखेरीस आली. तिथं आधीच एखादा पोकलेन फिरला असता तर कुणाला कळलंही नसतं. दायमाबादचा ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा 1974 साली सापडले, तेही झाडाचं मूळ खणणाऱ्या एका शेतकऱ्याला.

कायदा आहे, पण तो यादीतल्या स्थळांपुरता. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरात बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. यादीत नसलेल्या पांढरीच्या टेकाडाला कोण विचारतो? फ्रान्समध्ये 2001 पासून कायदाच आहे. मोठं काम सुरू करण्याआधी जमीन तपासायची आणि खर्च बांधणाऱ्यानं उचलायचा.

आणि धोका फक्त रस्त्याच्या पट्ट्यात नाही. भरावासाठी मुरूम-माती लागते. "शेततळं फुकट खोदून देतो, माती आम्हाला द्या" असं म्हणत डंपर येतात. टेकाड दोन दिवसांत सपाट होतं. त्याची नोंद कुठल्याच नकाशात नसते.

माझं म्हणणं साधं आहे. तपासणी आधी व्हावी. आखणी होतानाच, थ्री-ए ची नोटीस निघायच्या अगोदर. तेव्हा रस्ता पन्नास-शंभर मीटर सरकवता येतो. पोकलेन उभा राहिल्यावर सापडलं तर ठेकेदार लपवणार, शेतकरी गप्प बसणार. तपासणीवाल्यांनी नुसतं गाडीतून फिरू नये. नांगरट झाल्यावर यावं, बांधावर बसून म्हाताऱ्यांना विचारावं. आणि सापडलं म्हणून मोबदला थांबणार नाही हे लेखी द्यावं. ते मिळाल्याशिवाय कोण तोंड उघडणार?

आपल्या हातातलंही काही आहे. थ्री-ए प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हरकत देता येते. रानात काही असेल तर त्यात गट नंबरासह लिहा, फोटो जोडा. वस्तू उकरू नका, जागच्या जागी फोटो काढा. नाणी-दागिने निघाले तर 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या ठेव्याची कलेक्टरला लेखी खबर द्यावी लागते. सराफाकडं नेलं तर आपणच अडकतो.

रस्ता हवाच. कांदा वेळेत मार्केटला पोचला पाहिजे. पण काळी गेली तर निदान सातबाऱ्यावर नोंद तरी राहते. पांढरीचा सातबारा कुठाय?

तुमच्या रानात खापरं, जुन्या विटा, राखट पट्टा असेल तर गाव आणि फोटो खाली टाका. गट नंबर मात्र इथं टाकू नका, खजिना शोधणारे रात्री येतात.