वाटी एकच ठेवा!

आमच्या मनवेलपाड्यात उसनी साखर वाटीभर नेली की वाटीभरच परत येते. शेजारीण फार तर वर चार दाणे जास्त घालते. सरकारची वाटी मात्र जादूची! आपण प्राप्तिकर थकवला, तर व्याज दरमहा १ टक्का. सरकारकडे आपलाच जादा गेलेला पैसा अडकला, तर आपल्याला दरमहा अर्धा टक्का! त्यातही परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर व्याजाच्या नावानं ठणठण गोपाळ. आणि मिळालंच, तर ते आपलं 'उत्पन्न'. त्यावर पुन्हा कर!

जाणकार सांगतात, विवरणपत्राची पडताळणी ३० दिवसांत करा, बँकेचं खातं प्रमाणित करून घ्या, पॅनवरचं नि पासबुकातलं नाव जुळवा, तरीही पैसे आले नाहीत तर पोर्टलवर तक्रार नोंदवा. कराच हो हे सगळं! चूक पुष्कळदा आपलीच निघते. पण चूक आपली नसेल, तरी दर अर्धाच का?

आमचं मागणं एवढंच, की वाटी एकच ठेवा. घेताना पातेलं आणि देताना चमचा, हा हिशेब आमच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा चालवून घेणार नाहीत!