मोडी वाचणारा हवाय

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूम एकाएकी गजबजल्या. मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि महसूल खातं कामाला जुंपलं गेलं. दप्तरं खाली उतरली, धूळ झटकली गेली. पण वाचणार कोण? काही कागद मोडी लिपीत, काही उर्दूत, काही फारसीत. मग जाणकारांची शोधाशोध सुरू झाली. ज्या विद्येला घरोघरी ‘त्यात स्कोप काय?’ विचारून वाटेला लावलं, तिच्यावाचून सरकारचंच अडलं.

मराठा आरक्षणाचा वाद इथे नको, त्याला टीव्ही पुरेसा आहे. मला खटकते ती आपली सवय. कलाशाखेचा उपयोग आपण प्रवेशाच्या रांगेत विचारतो आणि गरज मात्र पन्नास वर्षांनी, तीही तातडीने पडते.

मोडीची अक्षरं तशी लवकर हाताला बसतात. कागद उलगडायला मात्र वर्षं जातात. पेशवाईतल्या पत्रावर साल असतं ‘सलास सबैन मया व अलफ’. अरबी आकडे, तेही एककापासून: तीन, सत्तर, शंभर, हजार. झाले ११७३. हा शुहूर सन, मृगाला सुरू होणारा. त्यात ५९९ मिळवा म्हणजे १७७२. पत्र जानेवारीपासून पुढचं असेल तर ६००. थोरले माधवराव पेशवे वारले ते हेच १७७२ साल. निजामाच्या मुलखात फसली सन, तिथे ५९० मिळवायचे. म्हणजे पुण्याचा कागद वाचायलाही अरबी गणती लागते आणि औरंगाबादचा वाचायला फारसी. ‘आपला’ इतिहास असा निव्वळ आपल्यापुरता कधी नव्हताच.

सेतुमाधवराव पगडींना हे पक्कं ठाऊक होतं. हैदराबाद संस्थानात सनदी नोकरी करता करता त्यांनी फारसी साधनं मराठीत आणली, आदिलाबादकडे असताना गोंडीही शिकले. शिवकाळावर लिहिणाऱ्यांना आजही त्यांचं बोट धरावं लागतं.

आता म्हणाल, यंत्र वाचेल. वाचो बापडं. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागाही आहे. पण कोतवाल बुकात नोंदलेला मृत्यू, महसुलासाठी लिहिलेलं खातं आणि शाळेतला दाखला या तिन्ही नोंदींचं वजन सारखं नसतं. लिहिणारा कोण, कशासाठी लिहीत होता, कुणाला वगळत होता, हे इतिहासाच्या वर्गात शिकवतात. कुणाच्या हाती कुणबी दाखला पडणार आणि कुणाच्या नाही, हे त्यावर ठरत असेल, तर त्या वर्गाला फावल्या वेळचा छंद कसं म्हणायचं?

पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं, ते चांगलंच. पण प्रत्येक जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला मोडी आणि फारसी वाचणारा माणूस द्या. पगारी, कायम. तासिका तत्त्वावर नको.