'अवांतर' म्हणून हिसकावलेले पुस्तक

नववीच्या सहामाहीत विज्ञानाचे गुण घसरले की घरात पहिला संशय मोबाइलवर जातो आणि दुसरा उशीखालच्या रहस्यकथेवर. मोबाइल संध्याकाळपर्यंत परत मिळतो, कारण क्लासचे मेसेज त्यावरच येतात. पुस्तक मात्र कपाटावर जाते ते थेट दहावीच्या निकालापर्यंत. त्याच्या जागी एखादे थोर चरित्र किंवा यशाचे मंत्र सांगणारे पुस्तक हातात ठेवले जाते. मूल ते उघडत नाही. मग 'हल्लीची मुले वाचतच नाहीत' असे म्हणायला सगळे मोकळे.

थरारकथा आणि विज्ञानकथा आवडणाऱ्या मुलाला काय वाचायला द्यावे, असे पालक विचारतात तेव्हा त्या प्रश्नात बहुधा एक छुपी अट असते: काहीतरी उपयोगाचे द्या. म्हणजे त्याला त्याच्या आवडीतून सोडवा. गफलत नेमकी इथे होते. चांगली रहस्यकथा वाचणारे मूल पानापानावर 'हे याला कसे कळले?' असे विचारत असते. पुरावा कोणता, साक्षीदार खोटे बोलत असेल का, दुसरा काही अर्थ निघतो का, हे त्याच्या डोक्यात चालू असते. प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहून मग निरीक्षणे भरण्याची पद्धत ज्या शाळांत रुळली आहे, तिथे हे शिक्षण रहस्यकथेशिवाय मिळायचे कुठे? त्यामुळे आवड मोडण्यापेक्षा तिला चांगला खुराक पुरवणे शहाणपणाचे.

सुरुवात घरच्याच पुस्तकांपासून करता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन करणाऱ्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव. नाव पाहून बक्षीस मिळू नये म्हणून केलेला हा खटाटोपच एखाद्या रहस्यकथेत शोभावा. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी थरार आवडणाऱ्याने पहिली घ्यावी. जमिनीखाली सापडलेली पेटी, तिच्यातले प्रगत ज्ञान आणि त्यातून घडलेला यंत्रमानव, हा विषय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या दिवसांत जुना वाटणार नाही.

'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा तर जेवणाच्या ताटावर चर्चा घडवू शकते. आयुष्यभर ज्या हाताने गोलंदाजी केली तो सोडून एक क्रिकेटपटू अचानक दुसऱ्याच हाताने चेंडू टाकू लागतो, आरशातल्या प्रतिमेसारखा. कथा संपल्यावर मुलाला एवढेच विचारावे: या माणसाला वरण-भात पचेल का? आपल्या शरीरातली प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात, शर्करा उजव्या घडणीच्या. पाचक रस त्या घडणीला कुलपात किल्ली बसावी तसे बसतात. माणूस आतूनबाहेरून उलटा झाला, तर त्याच्या किल्ल्याही उलट्या होणार. म्हणजे पोटभर जेवूनही तो उपाशी! अकरावीत हाच भाग रुक्ष व्याख्या होऊन येतो, तेव्हा या मुलाला तो ओळखीचा वाटेल.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी आयझॅक असिमोव्हची 'द केव्ज ऑफ स्टील' आहे. विज्ञानकथेत खरी गुप्तहेरकथा बसत नाही, हा समज खोडून काढण्यासाठी असिमोव्हने माणूस आणि यंत्रमानव अशी पोलिसांची जोडी उभी केली. नियम आधी सांगायचे आणि उत्तर त्या नियमांतूनच काढायचे, ही त्याची शिस्त. मायकेल क्रायटनची १९६९ची 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' त्याहून वेगवान. अवकाशातून आलेल्या सूक्ष्मजीवाने अख्खे गाव मरते आणि वाचतात दोघेच: सतत रडणारे तान्हे बाळ आणि एक आजारी, व्यसनी म्हातारा. दोघांत साम्य काय? उत्तर इथे फोडायला नको, पण शालेय पुस्तकातला 'सामू' नीट समजलेल्या मुलाला ते शास्त्रज्ञांच्या आधीही सापडू शकते. क्रायटनने ही कादंबरी लिहिली तेव्हा तो हार्वर्डमध्ये वैद्यकाचाच विद्यार्थी होता.

विज्ञानकथांत चुका असतात, हा काही शिक्षकांचा आक्षेप. असतातच, आणि त्या शोधण्यात मोठी मजा आहे. अँडी वीअरच्या 'द मार्शियन'मध्ये वादळामुळे नायक मंगळावर एकटा अडकतो. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथल्या वाऱ्यात तसे बळ असणारच नाही. वीअरने स्वतःच ही सवलत घेतल्याचे मान्य केले आहे. नायक तिथल्या मातीत बटाटे पिकवतो, पण २००८ मध्ये फिनिक्स यानाला त्या मातीत घातक परक्लोरेट सापडले होते. माती धुऊन घेता येईल का, किती पाणी लागेल, यावर एक रविवार सहज जाईल. पुस्तकातल्या शिव्या खटकत असतील तर त्या गाळलेली शाळांसाठीची आवृत्तीही आहे.

खरी काळजी लागते ती वैद्यकीय थरारकथांबाबत. रॉबिन कुक मराठी अनुवादांमुळे घरोघरी पोचला आहे. तो स्वतः नेत्रतज्ज्ञ, त्यामुळे रुग्णालयाचे वर्णन अस्सल वाटते, आणि अडचण तीच आहे. १९७७च्या 'कोमा'मध्ये साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेले तरुण रुग्ण शुद्धीवरच येत नाहीत, आणि त्यामागे अवयवांचा काळा धंदा असतो. तेरा वर्षांच्या मुलाला हे देण्याची घाई नको. त्यातले प्रौढ प्रसंगही आहेतच. सोळाव्या वर्षी जरूर द्यावे, पण त्यावर घरात बोलणे व्हायला हवे. कारण हे पुस्तक मिटल्यावर मनात उरणारी शंका पुढे कधीतरी, घरातल्या कुणाच्या अवयवदानाचा निर्णय घ्यायच्या क्षणी डोके वर काढू शकते.

कोमा आणि मेंदूमृत्यू एक नव्हेत. कोमातला रुग्ण शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच. भारतात १९९४च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतल्या कुणालाही त्या मंडळात बसता येत नाही. कुकच्या कादंबरीतला खलनायक या नियमांतून कसा सुटेल, हा प्रश्न मुलासमोर टाकला तर तो कायदा वाचेल, आणि कदाचित त्यातली फटही शोधेल. गैरप्रकार होतच नाहीत असे त्याला सांगू नये. ते खरे नाही आणि त्यालाही ते ठाऊक असते.

राहता राहिला झोपेचा मुद्दा, आणि इथे पालकांची तक्रार रास्त आहे. तेरा ते अठरा या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी असते. याच वयात शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकलेले असते आणि शाळा मात्र सकाळची. थरारकादंबरीचे प्रकरण पुढचे पान उलटायला लावूनच संपते, अकराचा एक कधी वाजला ते कळत नाही. मोबाइलपेक्षा कागद बरा, तरी कादंबरीची वेळ दुपारची किंवा सुटीची असावी. रात्रीसाठी लघुकथा. शेरलॉक होम्सच्या छप्पन्न आहेत, एका बैठकीत संपणाऱ्या, आणि मराठीतही मिळतात. फेलूदाचे मराठी अनुवाद आहेत, फास्टर फेणे आहेच. गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक माळ्यावर पडून असतील, तर त्यांतल्या विज्ञानकथा अर्ध्या तासात वाचून होतात आणि दिवा साडेदहाला मालवता येतो.