कुत्री पाणी फार पिऊ लागली तर?



गाय आटली की सारे घर काळजीत पडते. पण वावरात जागल करणारी कुत्री मलूल झाली, तर "होईल आपोआप बरी" म्हणून आपण सोडून देतो. आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडे रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात, तेव्हा हीच कुत्री रात्रभर भुंकून पीक राखते. तिच्या एका जीवघेण्या दुखण्याची ओळख घरातल्या प्रत्येकाला हवी. ते म्हणजे गर्भाशयात पू होणे.

आपल्याकडच्या कुत्र्या बहुधा भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात. माज ओसरल्यावर, गाभ राहो न राहो, गर्भाशयाचे अस्तर जाड होते. माजात आत शिरलेले जंतू तेथे वाढतात. म्हणून हा रोग महिना-दोन महिन्यांनी, ऐन कापूस वेचणीच्या गर्दीत दिसतो. वयस्क कुत्रीला तो अधिक होतो.

लक्षणे अशी : पाणी फार पिणे, वरचेवर लघवी, खाणे सोडणे, ओकणे. मागून घाण वासाचा पू आला तर चटकन कळते. पण गर्भाशयाचे तोंड मिटलेले असेल तर थेंबही बाहेर येत नाही. पोट मात्र वाढते आणि आपण तिला गाभण समजतो. हाच प्रकार अधिक घातक, कारण गर्भाशय आतच फुटू शकते. मांजरीला हा रोग कमी होतो; पण ती पू चाटून साफ करते, त्यामुळे उशिरा कळतो.

खरा उपाय एकच : सलाईन व प्रतिजैविके देऊन शस्त्रक्रियेने गर्भाशय व अंडाशय काढणे. नुसत्या औषधांवर भागेल का, हे डॉक्टरांनीच ठरवावे. त्याच दिवशी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तेथे सोय नसेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ साली सुरू झाले. घरची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावते. माज थांबवणारी इंजेक्शनेही टाळा, त्यांनी हा धोका वाढतो.

व्याल्यावर आठवड्याच्या आत ताप, घाण वासाचा स्राव आणि पिलांकडे दुर्लक्ष दिसले, तर वार किंवा मेलेले पिलू आत राहिले असेल. तेव्हाही थांबू नका.

पिले नको असतील तर कुत्रीची, मांजरीची नसबंदी वेळीच करून घ्या. गर्भाशयच नसेल तर पू साठेल कुठे?