नाव हाताचे, काम यंत्राचे

पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला की नागपूरकर पांढऱ्या सुती कपड्याकडे वळतो. बर्डीच्या बाजारात मग ‘लखनवी चिकन’ म्हणून कुर्ते टांगले जातात. एक कुर्ता दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग असतो, नाव मात्र दोन्हींचे तेच. कोणता हाताचा आणि कोणता यंत्राचा, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. प्रश्न न विचारण्याची ही सवय फसवणुकीपुरती राहत नाही; ती एका कलेचा पाया काढून घेते.

पांढऱ्या सुतावर पांढऱ्याच दोऱ्याने भरण्याची रीत इराणातही होती आणि हिंदुस्थानातही. नूरजहानने चिकनकारी आणली ही गोष्ट आवडीने सांगितली जाते, पण तिला भक्कम पुरावा नाही. अठराव्या शतकापासून अवधवर राज्य करणाऱ्या नवाबांचे घराणे मात्र इराणातल्या निशापूरचे होते, आणि लखनौच्या दरबारी रुचीवर इराणी संस्कार होता, हे निश्चित. या कामात रंगाचा आधार नसतो. नक्षी दिसते ती टाक्याची उंची, छाया आणि जाळी यांमुळे. त्यामुळे टाका कच्चा असेल तर तो झाकायला काहीच उरत नाही.

आधी लाकडी ठशांनी, धुतल्यावर जाईल अशा रंगात नक्षी छापतात. मग भरतकाम, शेवटी धुलाई. तेपची हा साधा धावदोरा. बखिया म्हणजे आपल्याकडे ज्याला शॅडो वर्क म्हणतात तो टाका: दोरा कापडाच्या मागे आणि त्याची सावली पुढे. फंदा ही बारीक गाठ, मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी. जाळीत तर कापड कापतच नाहीत. सुईने ताणाबाणा बाजूला सारून दोऱ्याने आवळतात. मुर्री आणि जाळीवर हात बसायला वर्षे लागतात.

यंत्रावरचे भरतकामही नवे नाही. आयझॅक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शिफ्ली यंत्र घडवले. आज संगणकावर चालणारी अनेक सुयांची यंत्रे थानच्या थान भरून काढतात. यात गैर काही नाही. प्रत्येकाला हाताचे काम परवडत नाही आणि परवडायलाच हवे असाही आग्रह धरता येणार नाही. आक्षेप आहे तो यंत्राने हाताचे नाव घेण्याला.

नागपूरला हा फरक कळायला हवा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली. गिरणीच्या कापडाने देशभरच्या हातमागाचे काय केले ते आपण जाणतो. पण गिरणीचे कापड गिरणीचे म्हणूनच विकले जाई. स्पर्धा विषम होती, तरी उघड होती. म्हणून तर पुढे खादीची हाक देता आली. चिकनच्या बाजारात स्पर्धाच दिसत नाही. ज्याची नक्कल होते आहे त्याच्याच नावावर नक्कल खपते, आणि मूळ वस्तू ‘उगाच महाग’ ठरते.

कायद्याचे कवच तोकडे आहे. हातमागासाठी १९८५ चा आरक्षण कायदा आहे आणि २००६ पासून हँडलूम मार्क आहे. पण दोन्ही विणकामापुरते. लखनौच्या चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाचे रक्षण करते, पण बर्डीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन टाका तपासत नाही. आपल्या पैठणीलाही मानांकन आहे, म्हणून यंत्रमागावरच्या ‘पैठण्या’ थांबल्या का? १९५२ मध्ये स्थापन झालेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ २०२० मध्ये बरखास्त झाले; कारागिरांच्या वतीने सरकारशी बोलण्याची ती एक जागाही गेली.

कला दोन प्रकारे संपते. इराणी स्त्रिया पूर्वी चेहऱ्यावर रुबंद घेत: लांब पांढरे वस्त्र, डोळ्यांपुढे भरतकामाची बारीक जाळी. पडद्याची ती चाल मागे पडली आणि रुबंद संग्रहालयांत गेले. तिथे गरजच सरली. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. चिकनकारीचे उलट आहे. मागणी भरपूर असताना तिच्यातला कठीण भाग झिजतो आहे. हाताला यंत्राच्या भावाशी झुंजायचे असेल, तर कारागीर मुर्री सोडून झटपट होणारे टाके घालणार. हे काम बहुतांशी घरात बसून, दलालामार्फत, नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांचे आहे. क्लेअर विल्किन्सन-वेबर यांनी ‘एम्ब्रॉयडरिंग लाइव्ह्ज’ (१९९९) या अभ्यासात या बायकांचे कौशल्य आणि त्यांच्या पदरी पडणारा तुटपुंजा मोबदला यांचा ताळेबंद मांडला आहे. डोळे शिणवून पोट भरत नसेल तर मुलींनी ही सुई हाती घेऊ नये, हेच शहाणपणाचे. म्हणूनच ‘कला जगवा’ हे आवाहन त्यांना करणे अन्यायाचे आहे. ते विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला करायला हवे.

घेणाऱ्याचे काम अवघड नाही. कुर्ता उलटा करून पाहावा. यंत्राच्या टाक्याला खालून दुसरा दोरा असतो आणि त्याची वीण सगळीकडे एकसारखी दिसते. हाताच्या कामात गाठी, दोऱ्याची वळणे, थोडे उणे-अधिक सापडते. जाळीच्या कडा कापलेल्या आहेत की सूत नुसते सरकवले आहे, हे भिंगाशिवायही कळते. आणि दुकानदार ‘हँडवर्क’ म्हणत असेल, तर बिलावर ‘हाताचे भरतकाम’ असे लिहून मागावे. मालाचे खोटे वर्णन करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. पण तोंडी दाव्याला ग्राहक आयोगापुढे वजन येणे कठीण.

यंत्राचा कुर्ता घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, यंत्राच्या भावाने आणि यंत्राच्या नावाने. फरक ओळखणारी गिऱ्हाइके उरली नाहीत, तर उद्या मुर्रीला रास्त दाम देण्याची ऐपत असूनही तो द्यायचा कोणाला, हे आपल्याला सांगता येणार नाही.