नॉर्मल फॉर्म आणि ग्राहक क्रमांक

संगणकशास्त्रातील काही संज्ञा अशा आहेत की, त्या कानी पडताच वाणिज्य शाखेतून आलेला आपल्यासारखा माणूस ‘हे माहिती तंत्रज्ञान विभागाचे काम’ असे म्हणून मोकळा होतो. ‘डेटाबेस नॉर्मलायझेशन’ ही त्यांपैकीच एक. (‘सामान्यीकरण’ हा प्रतिशब्द सुचतो खरा, पण त्याचा रूढ अर्थ वेगळा असल्यामुळे येथे मूळ शब्दच ठेवला आहे.) माझ्या मते मात्र ही संकल्पना जितकी संगणकतज्ज्ञाची, तितकीच हिशेबनिसाचीही आहे. ती टिकते किंवा मोडते, ते बरेचदा शाखेच्या काउंटरवर.

तिचे जनक एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे; दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात वैमानिक होते. पुढे अमेरिकेत आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत असताना, १९७० साली, त्यांनी माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवण्याची पद्धत एका शोधनिबंधात मांडली. गंमत अशी की, त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘डेटा बँक’ हा शब्द आहे. १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांनी सोडवलेली अडचण आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. एकाच खातेदाराचे नाव-पत्ता बचत खात्याच्या लेजरमध्ये, मुदत ठेवीच्या नोंदवहीत आणि लॉकरच्या वहीतही असे. घर बदलल्याचा अर्ज आला की, एका वहीत दुरुस्ती होई आणि दुसरीत राहून जाई. मग खरा पत्ता कोणता, हे वही सांगू शकत नसे. एकच तथ्य अनेक ठिकाणी लिहिले की, कधी ना कधी त्याची दोन रूपे होतात. हे टाळण्यासाठी तक्त्यांची विभागणी करण्याच्या ज्या पायऱ्या, त्यांना नॉर्मल फॉर्म म्हणतात.

संयुक्त खात्याचेच उदाहरण घेऊ. ‘खातेदार’ या एकाच रकान्यात पती-पत्नी दोघांची नावे लिहिली, तर पत्नीची सर्व खाती शोधताना संगणक अडखळतो. एका चौकटीत एकच मूल्य असावे, हा पहिला नॉर्मल फॉर्म. म्हणून आपण ‘कोणत्या खात्यात कोणता ग्राहक’ असा वेगळा तक्ता करतो. त्यातील ओळ ओळखण्यासाठी खाते क्रमांक आणि ग्राहक क्रमांक हे दोन्ही लागतात. ती व्यक्ती पहिली खातेदार की दुसरी, ही माहिती या जोडीवर अवलंबून आहे. ती येथेच शोभते. तिचा पत्ता मात्र केवळ ग्राहक क्रमांकावर अवलंबून आहे, तो येथे नको. हा दुसरा नॉर्मल फॉर्म. तिसरा याच्याही पुढे जातो. खात्यावरून शाखेचा आयएफएससी कोड कळतो आणि त्या कोडवरून शाखेचा पत्ता. मग शाखेचा पत्ता प्रत्येक खात्यासमोर लिहिण्याचे कारण नाही. तो शाखांच्या तक्त्यात एकदाच असावा. अन्यथा शाखेचे स्थलांतर झाले की हजारो ओळी बदलाव्या लागतील. पुढे बॉइस-कॉड, चौथा, पाचवा असेही फॉर्म आहेत. पण व्यवहारात तिसऱ्यापर्यंत नीट पोहोचलेली रचना बहुधा पुरते.

बँकेच्या भिंतीबाहेर हा नियम चालत नाही, याचा अनुभव विलीनीकरणांनंतर देशभर आला. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. बँकेला स्वतःच्या तक्त्यात प्रत्येक शाखेचा कोड एकदाच बदलायचा होता. परंतु त्याच कोडाच्या प्रती पगार देणाऱ्या कार्यालयांत, विमा व म्युच्युअल फंड कंपन्यांत, नातेवाइकांच्या मोबाइलमध्येही होत्या. त्या ज्याच्या त्यालाच बदलाव्या लागल्या.

मात्र प्रत्येक पुनरावृत्ती दोष असते, असेही नव्हे. मुदत ठेवीचा व्याजदर दरपत्रकाच्या तक्त्यात असतो, म्हणून तो ठेवीच्या नोंदीतून काढून टाकावा असे कोणी सुचवले, तर ते घातक ठरेल. दरपत्रक उद्या बदलेल; ठेवीदाराशी ठरलेला दर बदलता कामा नये. आजचा दर आणि कराराचा दर ही दोन निराळी तथ्ये आहेत, आकडा एकच दिसला तरी! हा विवेक सॉफ्टवेअर स्वतः करीत नाही.

आणि येथेच आपला, म्हणजे शाखेतील कर्मचाऱ्यांचा, संबंध येतो. तक्ते कितीही निर्दोष असोत. एकाच व्यक्तीला आपण दोन ग्राहक क्रमांक दिले, की तिचा पत्ता पुन्हा दोन ठिकाणी गेला. विवाहापूर्वीच्या नावाने एक, नंतरच्या नावाने दुसरा. किंवा गर्दीच्या वेळी जुना क्रमांक शोधण्यापेक्षा नवा उघडणे सोपे वाटले म्हणून तिसरा. संगणकाच्या दृष्टीने त्या तीन स्त्रिया आहेत. केवायसी एका क्रमांकावर अद्ययावत होते, दुसऱ्यावर थकीत राहते आणि त्याखालील खात्याचे व्यवहार अडतात. मुदत संपलेल्या ठेवीची सूचना जुन्या पत्त्यावर जात राहते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. ती बँकेमार्फत परत मिळते हे खरे, पण त्यासाठी अशी ठेव आहे हे वारसांना ठाऊक तर हवे!

रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच प्रत्येक ग्राहकाला एकमेव ओळख क्रमांक देण्यास बँकांना सांगितले, ते उगाच नव्हे. जून २०१५ पासून कोअर बँकिंग असलेल्या बँकांत ठेवींवरील व्याजाची करकपातीची मर्यादा शाखानिहाय न पाहता संपूर्ण बँकेची मिळून पाहिली जाते. फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झालेले ठेव विम्याचे संरक्षणही एका बँकेतील, एकाच नात्याने ठेवलेल्या, सर्व शाखांमधील ठेवींना मिळून आहे. ‘एक व्यक्ती कोण’ हे निश्चित नसेल, तर ही बेरीज करायची कशी?

शाखेने किती नवे ग्राहक जोडले, हे मोजताना जुनेच ग्राहक नव्या क्रमांकाने त्यात येत नाहीत ना, हेही तपासले जावे, असे मला आग्रहाने वाटते. ग्राहकांनीही आपली सर्व पासबुके व ठेवपावत्या एकदा समोर मांडून त्यांवरील ग्राहक क्रमांक पडताळून पाहावेत. ते भिन्न आढळल्यास पॅन कार्ड व ओळखपत्रासह शाखेत लेखी अर्ज द्यावा. नाव बदललेले असल्यास विवाह प्रमाणपत्र वा राजपत्रातील नोंद सोबत जोडावी. क्रमांक एकत्र झाले, तरी खाते क्रमांक तेच राहतात.